घरी लघवीची नळी असलेल्या पेशंटसाठी एक पानी सूचना: काय ठेवू, काय काढू?

सांजवात
डिस्चार्ज कार्डावर 'कॅथेटर केअर समजावली' एवढं एक वाक्य असतं, आणि घरी पोचल्यावर सूनबाईंच्या हातात दोन लिटरची पिशवी. म्हणून नातेवाइकांसाठी साध्या मराठीत एका पानाचा कागद करतेय. कच्चा मसुदा असा:

१. नळीला किंवा पिशवीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा.
२. पिशवी कायम कमरेच्या खाली ठेवा.
३. दिवसातून दोनदा नळी शरीरात शिरते त्या तोंडाशी बेटाडीन लावा.
४. पिशवी रोज नवीन लावा.
५. नळी दर १५ दिवसांनी बदला.
६. रोज ३ लिटर पाणी पाजा.
७. नळी काढायच्या आधी दोन दिवस चिमटा लावून मूत्राशयाला सवय करा.
८. लघवीला वास आला किंवा ती गढूळ झाली तर डॉक्टरांना सांगून अँटिबायोटिक सुरू करा.

मुख्य अडचण पाचव्या मुद्द्याची. कुणी १५ दिवस म्हणतं, कुणी महिना, कुणी तीन महिने. बाकीच्यातही चुका असतील तर बिनधास्त काढा.

कंपाउंडर
८ पैकी ६ मुद्दे खोडावे लागतील, ताई. पण त्याआधी पहिला मुद्दाच गायब आहे: नळी अजून हवी आहे का?

नळी किती दिवस आत आहे, यावर जंतुसंसर्ग सगळ्यात जास्त ठरतो. सगळं नीट सांभाळलं तरी दर दिवशी ३ ते ७ टक्के पेशंटच्या लघवीत नव्याने जंतू येतात. महिना झाला की जवळजवळ प्रत्येकाच्या. विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरतं तसा थर नळीला आतून-बाहेरून धरतो, आणि त्या थरात अँटिबायोटिक धड पोचत नाही.

नळी लागते ती लघवी अडली असेल तर, तासातासाला मोजायची असेल तर, काही ऑपरेशनांनंतर, माकडहाडावरची जखम लघवीने भिजत असेल तर, आणि शेवटच्या आजारात उठबस असह्य झाली असेल तर. 'अंथरूण ओलं होतं' हे कारण या यादीत नाही. त्याला डायपर आहे आणि पुरुषांना कंडोम कॅथेटर (कंडोमसारखी बाहेरून चढवायची नळी) आहे.

भिंगरी
वाचनखूण साठवली.

दगडफूल
मुद्दा ३ बद्दल. रोज बेटाडीन लावून संसर्ग कमी होत नाही, त्वचा मात्र कोरडी पडते आणि चुरचुरते. साबण आणि कोमट पाणी पुरतं, दिवसातून एकदा आणि शौचाला झाल्यावर.

कागदावर 'स्वच्छता ठेवा' असं मोघम लिहू नका. कृती लिहा. डाव्या हाताच्या दोन बोटांनी नळी तोंडाशी धरायची, म्हणजे पुसताना ओढ नळीला आत धरून ठेवणाऱ्या फुग्यावर जात नाही. ओल्या मऊ फडक्याने शरीराकडून बाहेरच्या दिशेने चार बोटं नळी पुसायची. परत आत यायचं नाही, परत पुसायचं तर फडक्याची नवी घडी. तोंडाशी वाळलेली खपली असते ती नखाने काढायची नाही, ओलं फडकं मिनिटभर ठेवलं की सुटते. बायकांमध्ये पुढून मागे, कधीच उलटं नाही.

पुरुषांमध्ये पुढची कातडी मागे सारून पुसायचं आणि कातडी परत पुढे आणायची. हे ठळक अक्षरात. मागे राहिली तर दोन-चार तासांत कातडीचा करकोचा बसून टोक सुजतं, मग ती पुढे येता येत नाही आणि मध्यरात्री कॅज्युअल्टी गाठावी लागते. नळीचा पेशंट बऱ्याचदा अर्धवट शुद्धीत असतो, दुखतंय हेही सांगत नाही.

पावडर नको. खोबरेल तेल, व्हॅसलिनही नको, नळीचं रबर (लॅटेक्स) तेलाने खराब होतं.

वजा एक
>> रोज बेटाडीन लावून संसर्ग कमी होत नाही

असहमत. ऑस्ट्रेलियातल्या तीन रुग्णालयांत अभ्यास झालाय, २०१९ ला प्रसिद्ध झाला. सलाइनऐवजी ०.१ टक्का क्लोरहेक्सिडिनने साफ केलं तर संसर्ग भरपूर कमी झाले. अँटिसेप्टिकला सरसकट मोडीत काढू नका.

दगडफूल
तो अभ्यास नळी घालण्यापूर्वी एकदा पुसण्याचा आहे. घातल्यावर रोज पुसण्याचा नाही. घालण्याआधी अँटिसेप्टिक हवंच, त्यावर वाद नाही.

वजा एक
बरं. अर्धा गुण कापा.

उंबरठा
नळी घालण्याचा विषय निघालाच आहे तर, घरी येऊन नळी बदलणारे ब्रदर-सिस्टर कुठे चुकतात तेही कुठेतरी लिहायला हवं. नातेवाइकांनी नळी बदलायची नाही, पण बघायला हरकत नाही.

नेहमीची चूक म्हणजे ज्या ग्लोव्हजनी पुसलं त्याच ग्लोव्हजनी नळी धरणं. पुसायला एक जोड, नळी घालायला दुसरा निर्जंतुक जोड. आणि डावा हात एकदा शरीराला लागला की तो उष्टा. तो परत ट्रेकडे जायचा नाही, नळी फक्त उजव्या हाताने. घरातल्या आजींना 'स्टराईल' म्हणजे काय ते सांगावं लागतं, 'डावा हात उष्टा झाला' म्हटलं की त्या स्वतःच ब्रदरवर लक्ष ठेवतात.

दुसरी चूक जेलीची. पुरुषाचा मूत्रमार्ग २० सेंटिमीटरच्या आसपास. २ टक्के लिग्नोकेन (बधिर करणारी) जेली १० ते १५ मिली आत सोडायची आणि पाच मिनिटं थांबायचं. बरेच जण नळीच्या टोकाला टूथपेस्टसारखी बोटभर जेली लावून लगेच ढकलतात. ती जेली पहिल्या दोन सेंटिमीटरमध्येच पुसली जाते, पुढचा मार्ग कोरडाच. तिथे ओरखडा आला की रक्त, आणि रक्ताच्या मागोमाग जंतू.

तिसरी आणि सगळ्यात महाग चूक: लघवी दिसण्याआधी फुगा फुगवणं. पुरुषात नळी थेट फाट्यापर्यंत (जिथे तिला दोन तोंडं फुटतात तिथपर्यंत) आत घालायची, लघवी आली की मग फुगा, मग नळी हलकेच मागे ओढून बसवायची. फुगा प्रोस्टेटच्या जागी फुगला तर मार्ग फाटतो.

बायकांमध्ये मार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर. नळी चुकून योनीत गेली तर ती लगेच काढू नये. खूण म्हणून तिथेच ठेवायची आणि नवी नळी त्याच्या वरच्या छिद्रात घालायची. पहिली काढून तीच परत वरती घातली की संसर्गाला आमंत्रण.

चिंचगूळ
फुग्यात सलाइन की पाणी? यावर दर वेळी भांडण होतं.

उंबरठा
निर्जंतुक पाणी. सलाइनमधल्या मिठाचे खडे फुगा भरायच्या बारीक वाहिनीत बसू शकतात, मग काढताना फुगा सुटत नाही. हवा तर मुळीच नको, हवेचा फुगा लघवीवर तरंगतो. १० मिलीचा फुगा असेल तर १० मिली भरायचं, ५ भरून 'पेशंटला त्रास कमी' असं नसतं. अर्धवट फुगा एका बाजूला कलतो आणि नळीचं टोक मूत्राशयाच्या भिंतीत रुततं.

चिंचगूळ
आणि नळीच्या मागच्या तोंडाचा रंग? कुणी म्हणतं 'नारिंगीच आणा'.

कंपाउंडर
रंग म्हणजे जाडी. १२ नंबर पांढरा, १४ हिरवा, १६ नारिंगी, १८ लाल. नंबराला ३ ने भागलं की बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये: १६ म्हणजे साधारण ५.३. मोठ्या माणसाला १४ किंवा १६ पुरते. जाड नळी म्हणजे चांगला निचरा हा गैरसमज आहे. जाड नळीने मार्गातल्या ग्रंथी दाबल्या जातात आणि कडेने गळती वाढते. रक्ताच्या गुठळ्या असतील तर गोष्ट वेगळी.

अण्णा इस्लामपूरकर
आमच्याकडे मेडिकलवाला विचारतो, "नळी कुठली देऊ?" आणि आपण सांगायचं, "चांगलीतली द्या." वांगी घेतल्यासारखं.

पाणपोई
मुद्दा ४, पिशवी रोज नवीन. हा तर सगळ्यात आधी काढा.

पूर्वी नळीचं टोक उघड्या बाटलीत सोडत, तेव्हा चार दिवसांत जवळजवळ प्रत्येकाची लघवी दूषित होत असे. कॅल्व्हिन क्युनिन आणि रेजिना मॅककॉर्मॅक यांनी १९६६ मध्ये बंद पिशवीच्या पद्धतीवरचं काम छापलं, तिथून चित्र पालटलं. नळी आणि पिशवी यांचा जोड उघडायचाच नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळी मदार आहे. आपण रोज नवी पिशवी लावतो तेव्हा रोज तो जोड उघडतो, म्हणजे पैसे देऊन बाटलीचा जमाना परत आणतो.

पिशवी बदलायची ती नळी बदलताना, किंवा गळत असेल, फाटली असेल, आत गाळ-खडे जमले असतील, जोड चुकून सुटला असेल तर. हिंडत्या-फिरत्या पेशंटला दिवसा मांडीची छोटी पिशवी असेल तर ती रात्री काढायची नाही. तिच्याच खालच्या तोटीला रात्रीची मोठी पिशवी जोडायची. वरचा जोड तसाच. मांडीची पिशवी साधारण ५ ते ७ दिवस चालते.

उंबरठा
पिशवी रिकामी करण्याची रीत पण लिहा ताई, जंतू तिथूनच चढतात.

दोन-तृतीयांश भरली की, नाहीतर निदान दर ८ तासांनी. पूर्ण भरू द्यायची नाही: दोन लिटर म्हणजे दोन किलो वजन नळीला लोंबतंय. हात धुवून ग्लोव्हज घालायचे. तोटी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, खाली भांडं धरायचं, तोटी भांड्याच्या काठाला टेकू द्यायची नाही, रिकामी झाली की बंद करून परत पुसायची. भांडं त्या एका पेशंटचंच. रुग्णालयात एकच भांडं घेऊन सहा खाटा फिरणं म्हणजे सहाही खाटांना एकच जंतू वाटणं. भांडं मग साबणाने धुवून उलटं वाळत. न्हाणीघरातला आंघोळीचा मग वापरायचा नाही, हे लिहावंच लागेल.

भिंगरी
पिशवी कुठे अडकवायची? दिवाणाला हूक नसतो. आणि बऱ्याच घरांत पेशंट खाली गादीवर असतो, मग कमरेच्या खाली म्हणजे कुठे, फरशीत?

दगडफूल
खरा प्रश्न विचारलात, आणि कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात याचं उत्तर नाही. गादीवर पेशंट असेल तर लघवी उताराने जाणारच नाही, नळीत साठून राहील. पेशंटला खाटेवर घ्यायला हवं, साध्या लोखंडी कॉटवरसुद्धा चालेल. तात्पुरता उपाय म्हणजे दोन गाद्या एकावर एक, आणि पिशवी आडवी स्वच्छ प्लॅस्टिकच्या टबात. पण ही तडजोड आहे.

दिवाणाला इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचा पडद्याचा हूक किंवा नाडी चालते. दवाखान्याच्या खाटेला अडकवताना वर-खाली होणाऱ्या कठड्याला नको, खालच्या स्थिर दांड्याला. कठडा वर केला की पिशवीही वर जाते. फरशीला पिशवी टेकू नये, तोटी तर नाहीच नाही. नळीचा फास खाली लोंबकळत ठेवू नये, त्यात लघवी अडून राहते.

अण्णा इस्लामपूरकर
आणि स्ट्रेचरवरून नेताना वॉर्डातले मामा पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवतात, जणू ओटी भरलीय.

उंबरठा
हसू आलं, पण अगदी नेमकं निरीक्षण, अण्णा. एक्स-रेला नेण्याआधी पिशवी रिकामी करायची आणि मांडीच्या खालच्या बाजूला ठेवायची. पिशवीत उलट न जाऊ देणारी झडप असते, पण ती नळीतली लघवी थोपवत नाही. ती सगळी परत मूत्राशयात.

दगडफूल
मसुद्यात नळी चिकटवण्याबद्दल काहीच नाही. बायकांत मांडीच्या आतल्या बाजूला, पुरुषांत मांडीच्या वरच्या भागावर किंवा ओटीपोटावर. चिकटपट्टी त्वचेवर सरळ दाबून नाही: आधी पट्टीने नळीला पूर्ण वेढा द्यायचा, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटवून मध्ये छोटी मान ठेवायची आणि मग टोकं त्वचेवर. नळी त्वचेपासून जरा वर राहते, तिचा वळ उठत नाही. पाय पूर्ण लांब केला तरी ताण येणार नाही इतका ढील ठेवा. रोज पट्टीखाली त्वचा बघा, दोन-तीन दिवसांनी दुसरी मांडी.

न चिकटवता महिनोन् महिने नळी खाली लोंबत राहिली तर पुरुषांमध्ये शिश्नाच्या खालच्या बाजूने चीर पडत जाते. ती चीर आपोआप भरत नाही.

वजा एक
आता मुद्दा ८ वर यायला हवं, कारण खरं नुकसान तिथे होतं.

महिनाभराच्या नळीत जंतू असणारच, हे कंपाउंडरनी वर लिहिलंच आहे. म्हणजे कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) कधीही पाठवा, काहीतरी उगवणार. रिपोर्टवर 'पस सेल्स (पू-पेशी) भरपूर' येणार. वास येणार, गढूळही असणार. यातलं काहीही अँटिबायोटिकचं कारण नाही. ताप नाही, थंडी वाजत नाही, ओटीपोटात किंवा कुशीत दुखत नाही, पेशंट नेहमीसारखा आहे, तर औषध द्यायचं नाही. दिलं तर ते जंतू मरतात आणि त्यांच्या जागी दुप्पट निगरगट्ट जंतू येतात. मग खरा ताप येतो तेव्हा फक्त सुईतून द्यायची औषधं उरतात.

औषध लागतं ते ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, हुडहुडी, कुशीत किंवा ओटीपोटात दुखणं, रक्तदाब उतरणं, किंवा दुसरं कारण सापडत नसताना अचानक बरळणं, यांच्यासाठी.

चिंचगूळ
म्हातारं माणूस नुसतं बरळायला लागलं तरी लघवीचा संसर्ग धरतात ना?

वजा एक
धरतात आणि तिथेच फसतात. सोडियम उतरलंय का, शौचाला झालंय का, झोपेची गोळी नवीन आहे का, नळी तुंबून पोट फुगलंय का, हे आधी बघायचं. ताप नसेल आणि पेशंट बाकी स्थिर असेल तर थांबून बघता येतं.

पाणपोई
कल्चरचा नमुना पिशवीतून घेऊ नका, हेही. पिशवीतली लघवी तासन् तास खोलीच्या उष्णतेत असते, जंतू तिथेच वाढलेले असतात. पिशवीच्या नळीवर नमुन्यासाठी रबरी ठिकाण असतं. त्याच्या खाली नळी १५-२० मिनिटं चिमट्याने बंद, ठिकाण स्पिरिटने पुसून वाळू द्यायचं, निर्जंतुक सिरिंजने १० मिली. जोड उघडायचा नाही. नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर आधी ती बदलायची आणि नव्या नळीतून नमुना. नाहीतर रिपोर्टमध्ये मूत्राशयातले जंतू नव्हे, जुन्या नळीवरच्या शेवाळासारख्या थरातले जंतू येतात. काढलेल्या नळीचं टोक कापून कल्चरला पाठवण्याची जुनी खोड आहे, त्याचा काही उपयोग नाही. आणि चिमटा काढायला विसरू नका!

भिंगरी
अवांतर: पिशवी जांभळी झाली तर? एका आज्जींच्या पिशवीचा फोटो ग्रुपवर फिरत होता, कुणी करणी म्हणालं.

कंपाउंडर
करणी नाही, बद्धकोष्ठ.

खाल्लेल्या प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅनपासून आतड्यात इंडोल तयार होतं. यकृतात त्याचं रूप बदलून ते लघवीत उतरतं. तिथे प्रोव्हिडेन्शिया, क्लेब्सिएला, प्रोटियस असे जंतू त्याचे दोन रंग करतात, निळा इंडिगो आणि लाल इंडिरुबिन. दोन्ही पीव्हीसीच्या पिशवीत मुरले की जांभळी. लघवी अल्कधर्मी असेल तर जास्त. बहुधा अंथरुणाला खिळलेल्या, शौचाला कडक होणाऱ्या बायकांमध्ये दिसतं. ताप वगैरे नसेल तर घाबरायचं कारण नाही: नळी-पिशवी बदला, पोट साफ ठेवा.

अण्णा इस्लामपूरकर
म्हणजे नीळ लावायचा खर्च वाचला.

भिंगरी
अण्णाऽऽऽ

सांजवात
सगळं टिपतेय. दोन प्रश्न. लघवी उतरायची थांबली तर नातेवाइकांनी घरी काय बघायचं? आणि कडेने गळते तेव्हा?

उंबरठा
थांबली तर याच क्रमाने बघायचं: नळी पेशंटच्या मांडीखाली दबलीय का, पीळ पडलाय का, पिशवी वर आलीय का, काठोकाठ भरलीय का, चिमटा लागलेला राहिलाय का. मग कुशीवर वळवून बघा, टोक भिंतीला चिकटलेलं कधी कधी सुटतं. शौचाला किती दिवस झालं नाही ते विचारा, कडक मळ नळीला बाहेरून दाबतो. मग ओटीपोटावर हात: बेंबीखाली घट्ट गोळा लागतोय आणि पेशंट तळमळतोय तर नळी तुंबलीय, लगेच बदलायला हवी. गोळा नाही, पोट मऊ, तर शरीरात पाणीच कमी आहे किंवा मूत्रपिंड काम कमी करतंय. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली यायला हवी. चार तास पिशवीत थेंब नाही तर फोन करायचा, सकाळची वाट नाही.

घरी सिरिंजने जोरात पाणी मारून नळी 'मोकळी' करायला जाऊ नका. जोडही उघडतो आणि गाळ आत जातो.

मणक्याला छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा झालेल्या पेशंटला तुंबलेली नळी जिवावर बेतू शकते: डोकं ठणकतं, चेहरा लाल, घाम, रक्तदाब भराभर चढतो. त्याला बसतं करायचं आणि आधी नळी बघायची, डोकेदुखीची गोळी नंतर.

कडेने गळतंय आणि पिशवीतही येतंय, तर बहुधा मूत्राशय पेटके देतंय. जाड नळी घालणं किंवा फुगा अजून फुगवणं याने पेटके वाढतात. पोट साफ करा, नळी नीट चिकटवा, तरी थांबेना तर पेटक्यांवर गोळ्या असतात, त्या डॉक्टर देतील. पिशवी कोरडी आणि फक्त कडेने येतंय, तर ती तुंबलेलीच समजा.

चिंचगूळ
पाणी ३ लिटर? आमच्याकडे बार्ली, धने-जिऱ्याचं पाणी, कोकम सगळं सुरू करतात.

दगडफूल
प्यायला काहीही चालेल, पण औषध समजून नाही. एकूण दीड-दोन लिटर आणि लघवीचा रंग फिकट पिवळा, हे माप बरं. '३ लिटर' कागदावर छापू नका. तोच कागद हृदय कमजोर असलेल्या आणि क्रिएटिनिन वाढलेल्या (मूत्रपिंड कमजोर असलेल्या) पेशंटच्या घरी जाणार, आणि त्यांना पाण्यानेच धाप लागेल. 'डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर तेवढंच' अशी ओळ हवी.

कंपाउंडर
मुद्दा ७ पण काढा. काढण्याआधी चिमटा लावून 'सवय' केल्याने फायदा होत नाही. उलट चिमटा विसरला की मूत्राशय ताणलं जातं. प्रोस्टेटमुळे अडलेल्या पुरुषांना टॅम्सुलोसिन किंवा अल्फुझोसिन (मार्ग सैल करणाऱ्या गोळ्या) दोन-तीन दिवस आधी सुरू करतात, त्याचा फायदा दिसलेला आहे. नळी सकाळी लवकर काढावी, म्हणजे अडलीच तर दिवसाउजेडी कळतं. ६ ते ८ तासांत लघवी व्हायला हवी.

काढताना सिरिंज लावून फुग्याचं पाणी आपोआप येऊ द्यायचं, खसकन ओढायचं नाही, वाहिनी आतून चिकटते. येत नसेल तर सिरिंज तशीच लावून थोडा वेळ थांबा. नळी कात्रीने कापायची नाही, कुणी कितीही अनुभवी काका सांगोत.

पाणपोई
ज्यांना कायमचीच अडचण आहे त्यांनी दिवसातून ४ ते ६ वेळा स्वतः बारीक नळी घालून काढणं हा पर्याय डॉक्टरांना विचारावा. मिशिगनच्या जॅक लॅपिडेस यांनी १९७२ मध्ये हे मांडलं तेव्हा गहजब झाला होता, कारण त्यांनी निर्जंतुक नव्हे, फक्त स्वच्छ हात-स्वच्छ नळी एवढंच मागितलं. त्यांचं म्हणणं असं की मूत्राशय ताणलेलं राहणं जास्त घातक. एका वेळी ४००-५०० मिलीच्या वर साठू द्यायचं नाही. हात चालतात आणि डोळे दिसतात अशा पेशंटला कायमच्या नळीपेक्षा हे कितीतरी बरं.

वजा एक
सगळे गावभर फिरून आले. मुद्दा ५ चं काय? माझं मत: १५ दिवस. साधं लॅटेक्स त्यापुढे ठेवू नये.

उंबरठा
'नळी' म्हणजे कुठली नळी, यावर उत्तर आहे. साधं लॅटेक्स थोड्या दिवसांसाठीच, तिथे तुमचं बरोबर. सिलिकॉनचा मुलामा दिलेलं पिवळट लॅटेक्स फार तर चार आठवडे. पूर्ण सिलिकॉनची पारदर्शक नळी १२ आठवड्यांपर्यंत. पाकिटावर लिहिलेली मुदत ही कमाल मर्यादा, तिच्यापलीकडे नाही. तिच्या आत मात्र 'तारीख आली, बदला' असं नाही: तुंबली, संसर्गाची लक्षणं आली, गळू लागली, बंद पद्धत मोडली तर बदला. दर बदलाला मार्गाला थोडा तरी ओरखडा येतोच. १५ दिवसांनी उगाच बदलणं म्हणजे वर्षाला चोवीस वेळा ओरखडे. आणि दर बदलाआधी अँटिबायोटिकचा डोस, हेही सरसकट नको.

पाणपोई
यात एक अपवाद. काही जणांची नळी हमखास तुंबते. प्रोटियस जंतू युरिया फोडून अमोनिया करतो, लघवी अल्कधर्मी होते आणि नळीच्या डोळ्याशी (आतल्या टोकाच्या छिद्राशी) चुन्यासारखे खडे बसतात. काढलेली नळी बोटांत चुरडली तर कचकच लागते. अशांची डायरी ठेवायची: सलग तीन नळ्या किती दिवस टिकल्या. २४, २१, २३ दिवस आलं, तर पुढची १८-१९ व्या दिवशीच बदलायची, तुंबायची वाट न बघता. म्हणजे दर पेशंटचा आकडा वेगळा.

वजा एक
हे पटलं. साध्या लॅटेक्सपुरता माझा अर्धा गुण परत द्या.

सांजवात
मग पाचवा मुद्दा असा लिहिते: "नळीचा प्रकार: ____ घातल्याची तारीख: ____ फुग्यात पाणी: ____ मिली. यापुढे ठेवू नये ती तारीख: ____ मागच्या नळ्या किती दिवस टिकल्या: __ / __ / __" रिकाम्या जागा डिस्चार्जच्या वेळी सिस्टरांनी भरायच्या.

जुन्या नळी-पिशवीची विल्हेवाट?

कंपाउंडर
रुग्णालयात लाल पिशवीत, जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे. घरी लघवी संडासात ओतून, नळी आणि पिशवी कापून (काढल्यानंतर, वर लिहिलंय ते वाचा), कागदात गुंडाळून, वेगळी खूण करून घंटागाडीवाल्याच्या हातात सांगून द्यायची. ओल्या कचऱ्यात नको. सुई असेल तर झाकणाच्या जाड डब्यात.

दगडफूल
फुग्यातल्या पाण्याची जागा ठेवलीत ते फार बरं केलंत. काढताना किती मिली परत यायला हवं ते कळतं. सिलिकॉनच्या फुग्यातून आठवड्यांत थोडं पाणी झिरपतं, म्हणून १० चं ८ आलं तर दचकायचं नाही. पण २ च आलं तर ओढायचं नाही.

भिंगरी
कागद छापाल तेव्हा अक्षर मोठं ठेवा. रात्री दोन वाजता झिरो बल्बच्या उजेडात वाचायचाय तो.

अण्णा इस्लामपूरकर
आणि पलंगाच्या डोक्याशी चिकटवा. फ्रीजवर नको, फ्रीजवर लाइट बिल असतं.